कुंपणाला उघाडी

मराठीत वाळवंट या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि त्या दोन अर्थांची आपण सहसा गाठ घालून देत नाही. शाळेच्या भूगोलातले वाळवंट म्हणजे सहारा, अरबस्तान, फार तर आपले राजस्थानातले थर. तेथे पाणी नाही, झाड नाही, माणूस नाही. जे जे हवे त्याचा अभाव म्हणजे वाळवंट. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी जे वाळवंट येते ते पंढरपूरचे असते. चंद्रभागेच्या काठच्या त्या वाळूत आषाढीला पाय ठेवायला जागा नसते. तेथे दिंड्या उतरतात, फुगड्या रंगतात, ओळखदेख नसलेली माणसे एकमेकांच्या पाया पडतात आणि टाळमृदंगाच्या गजरात म्हातारी माणसे पोरांसारखी नाचतात. एक वाळवंट ओसाड, आणि दुसरे म्हणजे महाराष्ट्राचे सर्वांत मोठे क्रीडांगण!

हा शब्दांचा खेळ सणासुदीची करमणूक म्हणून मांडलेला नाही. मला ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे, तो या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे. जग ज्या जमिनीला ओसाड म्हणते ती एखाद्याने विकत घ्यावी, तिच्यावर स्वतःच्या पैशाने नंदनवन उभे करावे, त्यात खेळावे आणि बाकीच्यांना बाहेर ठेवावे, यात काही वावगे आहे काय?

प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील नेवाडा राज्यात लास व्हेगस हे जुगाराबद्दल जगप्रसिद्ध असलेले शहर आहे. भोवती सपाट, खडकाळ, करपलेले वाळवंट. तेथे १९८९ साली स्टीव्ह विन या जुगारगृहांच्या धनाढ्य मालकाने टॉम फॅझिओ या नामांकित रचनाकाराच्या हातून ‘शॅडो क्रीक’ नावाचे गोल्फचे मैदान बांधून घेतले. गोट्या खेळलेल्या वाचकाला गल म्हणजे काय हे सांगायला नको. गोल्फ हा अठरा गलांचा खेळ, फक्त एका गलापासून दुसऱ्यापर्यंत चालता चालता सव्वाशे-दीडशे एकर जमीन संपते. विन यांच्या त्या जमिनीवर टेकडी नव्हती, झरा नव्हता, सावली नव्हती. मग जमीन खोल खणली, निघालेल्या मातीचे कडेने उंच बांध घातले आणि त्यांवर झाडे लावली. आत उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचे वाळवंट दिसू नये अशी योजना केली. वीस हजारांहून अधिक झाडे बाहेरून आणून रोवली. ओढे काढले, धबधबे केले. पाइनच्या झाडीतून वाहणाऱ्या पाण्याकाठी उभे राहिल्यावर आपण पावसाच्या प्रदेशातल्या एखाद्या डोंगराळ मुलखात आहोत असेच वाटावे. फक्त दूरच्या पर्वतांचे उघडे माथे तेवढे झाकता आले नाहीत. आणि हे सगळे प्रारंभी कोणासाठी? मालक आणि त्याने बोलावलेले पाहुणे यांच्यासाठी. पुढे मालकी बदलली. तरी आजही तेथे त्या कंपनीच्या हॉटेलांत उतरलेल्या आणि एका दिवसाच्या खेळाला हजार डॉलरांहून अधिक मोजणाऱ्या माणसालाच शिरता येते.

मालकाची बाजू प्रथम नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. तो म्हणेल, “मी कोणाचे घर पाडले नाही, कोणाचे शेत घेतले नाही. जेथे काही नव्हते तेथे मी काही केले. जगातली सुंदर स्थळे आणखी कशी निर्माण झाली? राजांच्या लहरीतून, सावकारांच्या हौसेतून. ताजमहाल काय लोकवर्गणीतून उभा राहिला? तुम्हांला माझा बगीचा पाहायला मिळत नाही म्हणून तो वाईट ठरतो काय?” हा युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. हेव्याने त्याला उत्तर देता येणार नाही. हेवा ही नीती नव्हे. तेव्हा त्याच्या म्हणण्यातील एकेक दुवा तपासून पाहू.

पहिला दुवा ‘जेथे काही नव्हते’ हा. यासाठी नेवाडापर्यंत जाण्याचे कारण नाही. पश्चिम रेल्वेवरच्या नायगावहून पूर्वेला वळले की जूचंद्र लागते. वसई रोडहून दिव्याला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर गावाच्या नावाचे स्थानकही आहे. टेकडीवर चंडिकादेवीचे देऊळ, पायथ्याशी गाव, आणि खाडीच्या अंगाला खाजणे व मिठागरे. आज हा भाग पालघर जिल्ह्यात, २००९ साली झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतो आणि त्याच्या कडेकडेने इमारती वाढत आहेत. त्या इमारतींच्या गच्चीवरून खाली पाहणाऱ्या नवख्या माणसाला काय दिसते? चिखल, खारे पाणी, पांढरे डाग पडलेली जमीन. तो सहज म्हणतो, “केवढी जागा फुकट पडली आहे!”

फुकट? त्या जमिनीत काय चालते ते पाहा. पाऊस सरला की मिठागराचे बांध दुरुस्त होतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी उघाडीतून आत घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्यात नेतात, उन्हात आटवतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतो. बाकीचे सगळे पाणी सूर्याने न्यायचे आणि उरलेले माणसाने अनवाणी पायांनी, लाकडी फळीने ओढून गोळा करायचे. आगर आणि आगरी या शब्दांचे नाते लोक सांगतात ते या कष्टांवरून. आगराच्या कडेला तिवरे असतात, चिखलात तुतवार नि बगळे असतात, आणि पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी व खाडीचे उधाण यांची गाठ पडते तेव्हा ते पाणी पसरायला हीच ‘फुकट’ जागा असते. २०१८ सालच्या जुलैत वसईत पाणी तुंबले, मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढले, तेव्हा या सखल भागाकडून पाणी कोणत्या अपेक्षेने येते हे सर्वांनी पाहिले. पाण्याला ती जागा ठाऊक असते. विसर पडतो तो आपल्याला.

तात्पर्य, ओसाड हा जमिनीचा गुण नव्हे. तो पाहणाऱ्याच्या अज्ञानाचा एक प्रकार आहे. नेवाडाच्या वाळवंटातही कासवे आहेत, शतके जगणारी झुडपे आहेत, पहिल्या पावसाने फुलणारी रोपटी आहेत. ‘काही नव्हते’ याचा खरा अर्थ ‘मला हवे ते नव्हते’ एवढाच असतो. आणि सरकारी दप्तर असो की धनिकाची वही, ‘पडीक’ हा शब्द एकदा लिहिला गेला की पुढची सगळी कामे फार सोपी होतात. म्हणून त्या शब्दावरच प्रथम बोट ठेवले पाहिजे.

गंमत अशी की गोल्फचा जन्मच अशा ‘पडीक’ जमिनीवर झाला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेते यांच्या मध्ये वाळूच्या उंचवट्यांचा, खुरट्या गवताचा एक पट्टा असतो. त्याला तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. नांगराला निरुपयोगी, म्हणून तो चरायला, कपडे वाळवायला, सशांना आणि खेळायला मोकळा राहिला. आपल्या खाजणाचा तो थंड प्रदेशातला चुलतभाऊच म्हणावा. मैदानावरचे वाळूचे खड्डे आज मोठ्या खर्चाने खणतात. मुळात ते वाऱ्याने केले, आणि थंडीवाऱ्यात आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी वाढवले असे सांगतात. म्हणजे पहिला रचनाकार वारा आणि दुसरी मेंढी! माणसाने फक्त खेळाचा मार्ग शोधला. जमीन जशी होती तशी मान्य केली, आणि तिच्या अडचणींनाच खेळाचे नियम केले.

यावरून रचनेचा प्रश्न पुढे येतो. रचनेलाही नीती असते, असे माझे मत आहे. वाळवंटात गोल्फ खेळण्याच्या जगात तीन तऱ्हा दिसतात. पहिली शॅडो क्रीकची: वाळवंट आहे हेच विसरायला लावायचे. दुबईत १९८८ साली एमिरेट्स गोल्फ क्लबचे मैदान झाले, ते त्या प्रदेशातले अथपासून इतिपर्यंत गवताचे पहिले मैदान. तेही याच तऱ्हेतले. दुसरी तऱ्हा ॲरिझोना राज्यातली. तेथे १९८० साली भूजलाचा कायदा झाला आणि त्यानंतर नव्या मैदानांना सुमारे नव्वद एकरांहून अधिक गवत लावता येईना. जॅक निकलॉस या विख्यात खेळाडूने १९८३ साली स्कॉट्सडेलजवळ ‘डेझर्ट हायलँड्स’ची आखणी केली तिच्यात गवताची बेटे आहेत आणि मधल्या जागेत सग्वारो निवडुंग, खडक आणि वाळू जशीच्या तशी. चेंडू एका बेटावरून दुसऱ्या बेटावर मारायचा. पाण्याच्या टंचाईने रचनेला शहाणपण शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरी तऱ्हा गरिबाची. दक्षिण ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचे क्षीरस्फटिकाच्या खाणींचे गाव आहे. उन्हाच्या तापामुळे तेथले कितीतरी लोक जमिनीच्या पोटात घरे करून राहतात. त्यांचेही अठरा गलांचे मैदान आहे. त्यावर गवताची काडी नाही. खेळाडू हातभर हिरव्या गालिच्याचा तुकडा बरोबर बाळगतो, त्यावर चेंडू ठेवून मारतो आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतो. गलाभोवतीची जागा वाळूत तेल कालवून दडपलेली असते. उन्हाळ्यात खेळ रात्री, अंधारात चमकणाऱ्या चेंडूंनी. आपल्या देशातही कोरड्या हवेच्या छावण्यांतून अशी तेलवाळूची मैदाने होती; हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात म्हणून यांना ‘ब्राउन’ म्हणत. तेथे एक रीत असते. आपला डाव झाला की उमटलेल्या पावलांवरून फळी ओढून वाळू पुन्हा सपाट करायची, म्हणजे मागून येणाऱ्याला आपल्या खुणांचा त्रास नको.

या तिन्हींत पहिली तऱ्हा मला खटकते. का खटकते? कृत्रिम आहे म्हणून म्हणावे, तर कला म्हणजे कृत्रिमताच. ॲलिस्टर मॅकेंझी हा गोल्फच्या रचनाकारांतला थोर माणूस मुळात डॉक्टर. बोअर युद्धात शत्रूने खंदक कसे बेमालूम लपवले हे पाहून त्याने मातीला फसवे रूप देण्याची विद्या शिकून घेतली. आणि फसव्या रूपाचे आपल्याला तरी वावडे कोठे आहे? आता दिवाळीत घरोघरी मुलांनी किल्ले केले आहेत. दगडमातीवर पोते घालून डोंगर, मोहरी किंवा हळीव पेरून रान, आरशाच्या तुकड्याचे तळे. तीन दिवसांत रान उगवते, आठ दिवसांत पिवळे पडते. ते रान खोटे, तळे खोटे, सिंहासनावरचे महाराज मातीचे. पण त्या किल्ल्याला कोणी खोटारडा म्हणणार नाही.

मग फरक कोठे आहे? मला वाटते, दोन गोष्टींत आहे. एक, किल्ला किल्ल्याची किंमत स्वतः भरतो. मोहरीची चिमूट आणि तांब्याभर पाणी. शेजारच्या घरचा नळ त्यासाठी आटत नाही. दुसरी, किल्ला दारात असतो. येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून पाहावे यासाठीच तो असतो. आडोशाला, कुलूप लावून किल्ला करणारे मूल मी पाहिलेले नाही. आपल्या नंदनवनवाल्या मालकाला आता याच दोन कसोट्या लावू.

पहिली कसोटी पाण्याची. ‘जमीन माझी, पैसा माझा’ हे म्हणताना ‘पाणी माझे’ असे त्याला म्हणता येत नाही. जमिनीला चतुःसीमा असतात, पाण्याला नसतात. लास व्हेगस शहराचे सुमारे नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीचे, आणि त्या नदीवर सात राज्ये व मेक्सिको देश यांचा हक्क आहे. ती नदी आता बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. २०२१ साली तिच्या पाण्याची टंचाई प्रथमच सरकारी रीतीने जाहीर झाली; त्याच वर्षी नेवाडाने निव्वळ शोभेच्या, कोणी पाऊलही न टाकणाऱ्या हिरवळीवर बंदी घालणारा कायदा केला. एका मैदानाने नदी आटली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वाळवंटात गवताची प्रत्येक काडी कोणत्या तरी सामाईक घागरीतून पाणी पिते. जो माणूस वाळवंट दिसू नये म्हणून बांध घालतो, तो त्या बांधाने ही घागरही दृष्टीआड करतो. माझा रचनेवरचा आक्षेप हाच आहे. ओढा खोटा असण्यात पाप नाही. पाणी विपुल आहे असे मनाला पटवणे हे मात्र खचित असत्य आहे, आणि ते असत्य खेळणाऱ्यालाच प्रथम फसवते. कूबर पेडीचा खेळाडू आपला गालिचा काखोटीला मारून हिंडतो, तेव्हा आपण कोठे राहतो हे त्याला पावलोपावली ठाऊक असते. हे ठाऊक असणे म्हणजेच जमिनीशी प्रामाणिक असणे.

दुसरी कसोटी कुंपणाची. आणि ती अधिक अवघड आहे. कारण डेझर्ट हायलँड्सची आखणी प्रामाणिक असली तरी त्याभोवती पहाऱ्याची वेस आहेच. म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला तरी कुंपणाचा उरतो.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात, १८८० च्या आगेमागे, किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर हिंदी पोरे क्रिकेट खेळत, आणि त्याच मैदानावर मूठभर युरोपीय साहेब पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जाई आणि क्रिकेटचा चेंडू नीट उसळेना. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, निर्णय कधी इकडे कधी तिकडे झुकले. शापूरजी सोराबजी या पारशी क्रीडाप्रेमी गृहस्थांनी १८९७ साली या झगड्याचा इतिहास लिहून ठेवला. त्या झगड्यात प्रश्न खेळ कोणता श्रेष्ठ हा नव्हताच. थोड्यांच्या हौसेसाठी पुष्कळांचे अंगण उखणावे काय, हा होता. पुढे १९१७ साली लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईत स्वतःच्या नावाचा क्लब काढला, तो हिंदी आणि युरोपीय दोघांनाही सभासद करून घेणारा. इतर क्लबांत हिंदी माणसाला मज्जाव असताना ही मोठीच गोष्ट होती. एक दार उघडले. पण वेस राहिलीच, आणि आजही त्या क्लबाची गोल्फची हिरवळ ताडदेवच्या दाट वस्तीला खेटून, तिच्यापासून अलग अशी पसरलेली आहे.

येथे प्रांजळपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ते कुंपण नसते तर काय झाले असते? विलिंग्डनची हिरवळ, चेंबूरच्या गोल्फ क्लबाची झाडी, या जागा मोकळ्या राहिल्या त्या कुंपणामुळेच, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे पाडणे कठीण आहे. मुंबईत ज्याला राखणदार नाही ते मैदान राहत नाही. आणि सर्वांचे जे असते त्याची अवस्था कित्येकदा काय होते? ज्या चंद्रभागेच्या वाळवंटाचे मी सुरुवातीला गोडवे गायले, त्याची यात्रेतली घाण हा उच्च न्यायालयापर्यंत गेलेला विषय आहे. ‘सर्वांचे’ याचा अर्थ ‘कोणाचेच नाही’ असा आपण करून ठेवला आहे. तेव्हा कुंपण म्हणजे अन्याय, असे सरसकट म्हणून चालणार नाही. राखायचे म्हणजे काही मर्यादा घालावीच लागते.

याचे उत्तर मला जूचंद्रच्या खाजणात सापडते. मिठागरालाही बांध असतो. बांध नसेल तर मीठ नाही. समुद्र एका भरतीत सगळे गिळील. तरीही त्या बांधाला कोणी कुंपण म्हणत नाही, कारण बांधाला उघाडी असते. उघाडी म्हणजे पाण्याचे दार. केव्हा उघडायचे, किती उघडायचे, केव्हा मिटायचे याची तिथी-वेळ ठरलेली असते. उघाडी कायम उघडी राहिली तर आगर बुडते, आणि कायम मिटलेली राहिली तर आगर सुकते. बांध घालणे हे जितके आगराचे कौशल्य, तितकेच उघाडी राखणे हेही. मर्यादा आणि मोकळीक या दोन्हींचे एकत्र नांदणे आपल्या आगरी शेजाऱ्यांनी शब्दाविना, हाताने साधलेले आहे.

आता खेळाच्या माहेरी, सेंट अँड्रूजला काय आहे ते पाहा. १५५२ साली तेथल्या आर्चबिशपाने लिहून दिलेल्या सनदेत किनाऱ्याच्या त्या पट्ट्यावर खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य केला आहे. पुढे १७९७ साली नगर कर्जबाजारी झाले आणि ती जमीन हातची गेली. सशांचा व्यापार करणारांनी तेथे ससे सोडले, मैदानाची चाळण झाली, आणि ससेवाले व खेळाडू यांचे कज्जे कित्येक वर्षे चालले. १८२१ साली शेजारच्या एका खेळप्रेमी जमीनदाराने जमीन घेऊन मैदान वाचवले, आणि १८९४ साली नगराने ती पुन्हा आपली करून घेतली. १९७४ पासून कायद्याने स्थापलेला एक न्यास तिची व्यवस्था पाहतो. जगातले सर्वांत मानाचे हे गोल्फचे मैदान, आणि त्याला मालक कोण? गाव! तेथे खेळायचे तर पैसे पडतात, पाळी लागते, नियम कडक आहेत. म्हणजे बांध आहे. पण रविवारी तेथे खेळ बंद. त्या दिवशी गवताला विश्रांती, आणि गावाला मैदान. मुले, कुत्री, म्हातारी माणसे, प्रेमी जोडपी कोणीही त्या जगप्रसिद्ध हिरवळीवरून फिरते. आठवड्यातून एक दिवस उघाडी उघडते, आणि त्यामुळे मैदान बुडालेले नाही. उलट गावाला ते आपले वाटते म्हणूनच ते शतकानुशतके टिकले.

कोणी विचारील, “आम्हांला याचे काय? आम्ही ना गोल्फ खेळतो ना वाळवंटे विकत घेतो.” खरे आहे. पण कुंपणे काय कोट्यधीशच घालतात? आपल्या नव्या सोसायट्यांच्या फाटकांवर ‘बाहेरील मुलांना खेळण्यास मनाई’ अशा पाट्या असतात. बाग चार गुंठ्यांची, घसरगुंडी एक. पण ती ‘आपली’ आहे हे शेजारच्या चाळीतल्या पोराला कळलेच पाहिजे! त्या पाटीमागची भावना आणि नेवाडातल्या बांधामागची भावना यांत प्रतीचा फरक नाही, केवळ एकरांचा फरक आहे. ज्या सोसायट्या खाजणाच्या कडेला, भरावावर उभ्या राहिल्या, त्यांनी तर ही पाटी लावताना दोनदा विचार करावा. ज्या जमिनीवर आपण उभे आहोत ती कालपर्यंत कोणाच्या पायांखालची होती हे आठवावे.

आणि मोठे प्रश्नही दाराशी आले आहेतच. मुंबईतील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, आणि त्यावर मोठा वाद झाला. बेघराला घर हवे, यात वाद नाही. पाण्याला जागा हवी, यातही नसावा. उद्या जूचंद्रच्या बाजूच्या एखाद्या आगराबद्दलही असाच निर्णय होईल, घरांसाठी होईल, गोदामांसाठी होईल, कदाचित एखाद्या हिरव्यागार क्लबासाठीही होईल. तेव्हा ‘पडीक जमिनीचा विकास’ हे शब्द कानी पडतील. त्या वेळी रागावण्याआधी किंवा टाळ्या वाजवण्याआधी तीन साधे प्रश्न विचारावेत. ही जमीन आज काय काम करते आहे? येथे जे उभे राहणार ते कोणाचे पाणी पिणार, आणि येथले पाणी कोठे ढकलणार? आणि त्याच्या कुंपणाला उघाडी आहे काय? तिन्हींची उत्तरे नीट मिळाली तर उभे राहणारे मैदान गोल्फचे असले तरी माझी तक्रार नाही. मिळाली नाहीत, तर ती जागा देवळाची असली तरी तक्रार राहील.

देवळाचे नाव सहज निघाले नाही. पंढरपुरात शतकानुशतके वाळवंट सर्वांचे होते आणि गाभारा काहींचा. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीसमोर आहे, आत नाही. वाळवंटात सगळे एक आणि दारात मात्र वेगळे, ही विसंगती मिटवण्यासाठी १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा ते दार उघडले. वाळूने जे कधीच नाकारले नव्हते ते दगडाच्या दारातून मिळवायला एवढा काळ जावा लागला. म्हणून वाळूला दार बसवण्यापूर्वी महाराष्ट्राने तरी फार विचार केला पाहिजे.

जूचंद्र हे गाव आणखी एका गोष्टीसाठी नावाजलेले आहे, आणि ती या दिवसांतलीच आहे. तेथले कलावंत रांगोळीत सिद्धहस्त आहेत. माणसाचा चेहरा, डोळ्यांतले पाणी, वस्त्राची चुणी बोटांच्या चिमटीतून जमिनीवर अशी उतरवतात की जवळ गेल्यावाचून ती भुकटी आहे हे पटू नये. रांगोळीइतके खोटे चित्र नाही, आणि तिच्याइतके प्रामाणिकही नाही. ती जमिनीकडून काही मागत नाही, आणि चार दिवसांनी केरसुणी फिरली की जमीन जशीच्या तशी परत करते. एवढी हलकी पावले टाकणे सर्वांना सर्वकाळ जमणार नाही; घरे बांधावी लागतात, बांध घालावे लागतात, मैदानेही आखावी लागतात. पण जे करायचे ते जमिनीला विचारून करावे, शेजाऱ्याच्या घागरीकडे पाहून करावे आणि एक दार ठेवून करावे, एवढे तर जमण्यासारखे आहे. सुरुवात हवी असेल तर सोसायटीच्या फाटकावरची ती पाटी या दिवाळीत उतरवून पाहावी. घसरगुंडी झिजेल ती थोडी लवकर झिजेल. पण तिच्यावरून घसरणाऱ्या पोरांची संख्या दुप्पट होईल, आणि घसरगुंडी बांधली होती ती त्यासाठीच.